काठावरचा ट्रान्झिस्टर: अ‍ॅनालॉग लेआउटमध्ये डमी कशासाठी, किती आणि कुठे जोडायचे

खानापूरकडच्या भातखाचरात किंवा चिक्कोडी-अथणीच्या उसात पिकाचा प्रयोग लावतात, तेव्हा काठाच्या ओळी मोजणीत धरत नाहीत. बांधाकडच्या ओळीला ऊन जास्त, वारा जास्त आणि शेजार एकाच बाजूला, त्यामुळे तिचं उत्पन्न आतल्या ओळींसारखं येत नाही. म्हणून काठालाही तेच वाण तेवढ्याच अंतरावर लावतात आणि कापणीच्या वेळी त्या ओळी बाजूला ठेवतात. अ‍ॅनालॉग चिपच्या लेआउटमधला (म्हणजे सिलिकॉनवर उमटवायच्या आकारांच्या नकाशातला) डमी ट्रान्झिस्टर अगदी हेच करतो. सर्किटमध्ये त्याला काही काम नसतं. त्याच्या आतल्या अंगाला जो कामाचा ट्रान्झिस्टर बसलाय, त्याला काठ लागू नये एवढ्यासाठी तो तिथे असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली अनेक मुलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन लेआउटच्या नोकरीसाठी बंगळूर किंवा पुणे गाठतात. मुलाखतीत डमीचा प्रश्न जवळजवळ ठरलेला, आणि उत्तरही ठरलेलं: ‘मॅचिंगसाठी दोन्ही बाजूंना डमी लावतो.’ (मॅचिंग म्हणजे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांशी जुळणं.) उत्तर चूक नाही, पण पुढचा प्रश्न आला की गाडी अडते. डमीचं गेट कुठे जोडलं? एक लावला की दोन, आणि का? डमी लावूनही जे बिघडतं ते काय? हा लेख त्या पुढच्या प्रश्नांसाठी आहे. (यात फाउंड्री हा शब्द जिथे येईल तिथे उद्यमबागेतली लोखंड ओतणारी नव्हे, सिलिकॉनवर चिप बनवणारी समजावी.)

काठावर नेमकं काय बिघडतं

दोन ट्रान्झिस्टर कागदावर सारखे काढले तरी चिपवर ते सारखे उतरत नाहीत. यातला काही फरक निव्वळ योगायोगाचा असतो. डोपिंगचे अणू मोजून टाकता येत नाहीत, दोन गेटांखाली ते कमी-जास्त पडतातच. हा फरक किती येईल याचा नियम पेलग्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडला: थ्रेशोल्ड व्होल्टेजमधला (ट्रान्झिस्टर चालू व्हायला गेटवर लागणाऱ्या व्होल्टेजमधला) फरक गेटच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. क्षेत्रफळ चौपट केलं तर फरक निम्मा. यावर डमीचा काडीचाही परिणाम होत नाही. तिथे उपाय एकच, ट्रान्झिस्टर मोठा करणं.

दुसऱ्या प्रकारचा फरक योगायोगाचा नसतो. तो दर चिपवर, दर वेफरवर त्याच दिशेने येतो, कारण तो आजूबाजूच्या रचनेतून येतो. डमीचा संबंध याच्याशी. याची तीन मुख्य कारणं आहेत.

पहिलं कारण गेटच्या पॉलीचं (पॉलीसिलिकॉनच्या थराचं) एचिंग, म्हणजे नको तो भाग खाऊन काढणं, आणि त्याआधीची लिथोग्राफी, म्हणजे प्रकाशाने आकार उमटवणं. एकाशेजारी एक अशा दहा पॉलीच्या पट्ट्या असतील तर आतल्या आठ पट्ट्यांना दोन्ही बाजूंना शेजार आहे. कडेच्या दोन पट्ट्यांची बाहेरची बाजू उघड्या मैदानाकडे. मोकळ्या जागेजवळ एच करणारा वायू जास्त उपलब्ध असतो आणि प्रकाशाचं विवर्तनही वेगळं होतं, म्हणून कडेची पट्टी आतल्यांपेक्षा बारीक किंवा जाड उतरते. बारीक की जाड हे त्या प्रोसेसच्या रेसिपीवर ठरतं. आपल्याला एवढंच पक्कं की ती वेगळी असते. १ मायक्रॉन लांबीच्या गेटमध्ये १० नॅनोमीटरचा फरक पडला तर करंटमध्ये साधारण १ टक्का. तोच १० नॅनोमीटर ०.१८ मायक्रॉनच्या गेटमध्ये आला तर साडेपाच टक्के. मॅचिंगच्या जागी सर्वांत आखूड गेट वापरू नये असं जुने लोक बजावतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरं कारण ताण. ट्रान्झिस्टरच्या डिफ्यूजनभोवती (सोर्स-ड्रेनच्या डोप केलेल्या भागाभोवती) ऑक्साइडने भरलेला उथळ खंदक असतो, त्याला एसटीआय म्हणतात. हे ऑक्साइड सिलिकॉनला बाजूने दाबतं. दाबामुळे इलेक्ट्रॉनांची चाल मंदावते आणि होलांची वाढते, म्हणजे एनमॉसचा करंट कमी होतो, पीमॉसचा वाढतो. खंदकापासून गेट जितकं लांब, तितका परिणाम कमी. २५० नॅनोमीटरच्या आधीच्या बऱ्याच प्रोसेसमध्ये हा खंदक नव्हताच, म्हणून जुन्या पद्धतीच्या नोट्समध्ये डमीचं कारण फक्त एचिंग एवढंच सापडतं. १८० नॅनोमीटर आणि त्याखाली मात्र हा ताण विसरून चालत नाही.

तिसरं कारण वेलची कड. वेल म्हणजे ट्रान्झिस्टर ज्यात बसतो तो वेगळ्या डोपिंगचा भाग. वेल तयार करताना आयन जोरात आत सोडतात आणि जिथे वेल नको तिथे फोटोरेझिस्टचा जाड थर असतो. त्या थराच्या कडेवर आपटून काही आयन तिरके उडतात आणि जवळच्या सिलिकॉनमध्ये शिरतात. त्यामुळे वेलच्या कडेला असलेल्या ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड वाढतं, कडेच्या पहिल्या एक-दोन मायक्रॉनमध्ये जास्तच. एन-वेलच्या बाहेर पण जवळ बसलेल्या एनमॉसलाही हे लागू आहे, हे पुष्कळदा सुटतं.

हा थ्रेशोल्डचा फरक किती महागात पडतो ते करंट मिररमध्ये (एका करंटची नक्कल करणाऱ्या सर्किटमध्ये) पाहता येतं. ओव्हरड्राइव्ह (थ्रेशोल्डच्या वर गेटला दिलेलं व्होल्टेज) ०.२ व्होल्ट असेल आणि थ्रेशोल्डमध्ये २ मिलिव्होल्टचा फरक आला, तर करंटमध्ये २ टक्क्यांचा फरक. सूत्र सोपं आहे: दुप्पट थ्रेशोल्ड-फरक भागिले ओव्हरड्राइव्ह.

एक लावायचा की दोन

‘किती डमी’ हा प्रश्न ऐकीव आकड्यावर सोडण्यापेक्षा ताणाचा हिशेब एकदा हाताने करावा. बीसिम-४ या ट्रान्झिस्टरच्या सिम्युलेशन मॉडेलमध्ये गेटपासून डाव्या-उजव्या खंदकापर्यंतच्या अंतरांना एसए आणि एसबी म्हणतात. ताणाचा परिणाम साधारणपणे या अंतराच्या व्यस्तात जातो, नेमकं सांगायचं तर १ भागिले (एसए अधिक गेटलांबीचा अर्धा).

गेटलांबी १ मायक्रॉन आणि प्रत्येक दोन गेटांमधलं डिफ्यूजन ०.५ मायक्रॉन धरू. कडेचं डिफ्यूजनही ०.५. ट्रान्झिस्टर अशा अनेक गेटपट्ट्यांत वाटून काढतात, त्यातल्या एकेकीला फिंगर म्हणतात. फक्त जवळच्या बाजूचा हिशेब करू.

डमी नाही: कडेच्या फिंगरचा एसए ०.५, म्हणून आकडा १.० येतो. त्याच्या आतल्या फिंगरचा एसए २.०, आकडा ०.४. दोघांत फरक ०.६.

एका बाजूला एक डमी: आता कामाच्या पहिल्या फिंगरचा एसए २.०, आकडा ०.४. दुसऱ्याचा ३.५, आकडा ०.२५. फरक ०.१५.

दोन डमी: पहिल्याचा आकडा ०.२५, दुसऱ्याचा सुमारे ०.१८. फरक ०.०७.

पहिल्या डमीने फरक चौथ्या हिश्श्यावर आणला. दुसऱ्याने उरलेला निम्मा केला. तिसऱ्याचा फायदा याहून कमी, जागा मात्र पहिल्याइतकीच खाणार. म्हणून १८० किंवा १३० नॅनोमीटरमध्ये साध्या बायसच्या मिररला प्रत्येक बाजूला एक, आणि इनपुट पेअर (इनपुट घेणारी ट्रान्झिस्टरांची जोडी) किंवा डॅकच्या (डिजिटलचं अॅनालॉग करणाऱ्या सर्किटच्या) करंट सोर्ससारख्या नाजूक ठिकाणी दोन, हा व्यवहार बरा वाटतो. इथे मोजायचं ते अंतर मायक्रॉनमध्ये. कामाच्या गेटची लांबी ५ मायक्रॉन असेल तर तेवढ्याच लांबीचा एकच डमी ताणाला पुरून उरतो. उलट गेट ०.१५ मायक्रॉनचं असेल तर दोन डमी लावूनही खंदक फारसा लांब जात नाही.

डमीची लांबी-रुंदी कामाच्या फिंगरइतकीच असावी. जागेसाठी लांबी कमी करण्याचा मोह होतो. तो आवरता आला नाही तर निदान डमी आणि कामाच्या गेटमधलं अंतर बदलू नका, कारण एचिंगला सर्वांत जास्त फरक त्या अंतराने पडतो. आणि डमी म्हणजे नुसती पॉलीची पट्टी नव्हे. खंदकाच्या ऑक्साइडवर डिफ्यूजनशिवाय काढलेली पॉली एचिंगचा प्रश्न सोडवते, पण खंदक जिथे होता तिथेच राहतो, ताण तसाच. डमीला डिफ्यूजन, कॉन्टॅक्ट आणि पहिला मेटल, सगळं कामाच्या फिंगरसारखं हवं.

अबबअ: पॅटर्न बरोबर, निकाल वाईट

कॉलेजात शिकवतात की दोन ट्रान्झिस्टर जुळवायचे असतील तर ‘अबबअ’ असे गुंफा, म्हणजे चिपवर डावीकडून उजवीकडे जो चढ-उतार असेल तो दोघांना सारखा वाटून जातो. हे खरं आहे. पण डमीशिवाय केलं तर काय होतं ते पाहा.

‘अअबब’ अशी साधी मांडणी असेल तर एका टोकाला अ, दुसऱ्या टोकाला ब. काठाचा फटका दोघांनाही सारखाच बसतो, म्हणून त्यांच्यातला फरक जवळजवळ शून्य. चढ-उताराचा फटका मात्र पूर्ण बसतो. ‘अबबअ’ केलं की दोन्ही टोकांना अ. काठाचा फिंगर ४ टक्के वेगळा उतरतो असं धरा. अ चे दोन्ही फिंगर काठाला, म्हणजे अ पूर्ण ४ टक्के चुकला, ब मुळीच चुकला नाही. डमीशिवायची गुंफण साध्या मांडणीपेक्षा वाईट ठरली. गुंफण आणि डमी हे जोडीनेच येतात, एकाशिवाय दुसरं अर्धवट.

गुणोत्तराच्या मिररमध्ये तर सममिती मदतीला येतच नाही. १:४ चा मिरर घ्या, अ चे २ फिंगर, ब चे ८. अ मधोमध ठेवला, दोन्ही बाजूंना चार-चार ब. सममिती छान, पण दोन्ही टोकं ब ची. तोच ४ टक्क्यांचा काठ धरला तर ब च्या आठपैकी दोन फिंगर चुकले, म्हणजे एकूण ब १ टक्का चुकला, अ बरोबर राहिला. प्रत्येक चिपवर गुणोत्तरात १ टक्क्याची चूक पक्की बसली, आणि ट्रान्झिस्टर कितीही मोठे केले तरी ती क्षेत्रफळाच्या नियमाने जाणार नाही.

इथे आणखी एक बारकावा आहे. ‘अबबअ’ मध्ये एकेक फिंगर ठेवला तर डिफ्यूजनचा क्रम असा लागतो: अ चा ड्रेन, सोर्स, ब चा ड्रेन, सोर्स, अ चा ड्रेन. टोकाला ड्रेन आला. आता डमी त्या ड्रेनला चिकटणार, त्याची ओव्हरलॅप कपॅसिटन्स आणि थोडी गळती फक्त अ च्या ड्रेनवर पडणार. एक असंतुलन घालवताना दुसरं आणलं. म्हणून जोडीजोडीने गुंफावं: ‘अअ बब बब अअ’. क्रम मग सोर्स, अ-ड्रेन, सोर्स, ब-ड्रेन, सोर्स, ब-ड्रेन, सोर्स, अ-ड्रेन, सोर्स असा लागतो, दोन्ही टोकांना सोर्स येतो आणि डमी निरुपद्रवी जागी चिकटतो. त्यासाठी प्रत्येक ट्रान्झिस्टरचे फिंगर सम संख्येत हवेत, हे स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) काढतानाच डिझायनरला सांगून ठेवावं. लेआउट निम्मं झाल्यावर ‘फिंगर पाचाऐवजी सहा करा’ म्हणणं कुणालाच आवडत नाही.

जागेचाही हिशेब इथेच होतो. वरच्या मापाने आठ फिंगरांची रांग १२.५ मायक्रॉन लांब, दोन्ही बाजूंना दोन-दोन डमी धरून १८.५. तेच अ आणि ब वेगवेगळे ठेवून प्रत्येकाला स्वतःचे चार डमी दिले तर १२.५ अधिक १२.५, शिवाय मधलं अंतर. एकाच डिफ्यूजनवर सगळ्यांना बसवलं की डमींचा खर्च वाटला जातो.

गेट कुठे जोडायचं

लेआउटमध्ये डमी काढायला दोन मिनिटं लागतात. खऱ्या चुका जोडणीत होतात. नियम एकच, डमी बंद असला पाहिजे आणि त्याचं एकही टोक मोकळं लोंबकळता कामा नये. एनमॉसच्या डमीचं गेट व्हीएसएसला (ग्राउंडला), पीमॉसच्या डमीचं व्हीडीडीला (धन सप्लायला).

सोर्स व्हीएसएसला असलेल्या एनमॉस मिररमध्ये काम सरळ आहे. डमीचा आतला टर्मिनल शेजाऱ्याचा सोर्सच आहे, बाहेरचा टर्मिनल, गेट आणि बल्क (खालचं सिलिकॉन) सगळं व्हीएसएसला. चारही टोकं एका ठिकाणी, विषय संपला.

डिफरन्शियल पेअरमध्ये थोडा विचार लागतो. तिथे सोर्स म्हणजे टेल नोड (दोघांचे सोर्स एकत्र येतात तो बिंदू), व्हीएसएस नव्हे. डमीचा बाहेरचा टर्मिनल व्हीएसएसला जोडला तर टेल आणि व्हीएसएस यांच्यामध्ये एक बंद ट्रान्झिस्टर उभा राहिला. बंद असला तरी तो थोडा गळतो, आणि कमी करंटच्या, गरम होणाऱ्या सर्किटमध्ये ती गळती दिसते. त्यापेक्षा बाहेरचा टर्मिनलही टेललाच जोडावा, गेट व्हीएसएसला. दोन्ही बाजूंना तोच व्होल्टेज, वाहायला काही उरलंच नाही.

काय चुकतं त्याचे नेहमीचे नमुने असे. पीमॉसचा ब्लॉक एनमॉसवरून कॉपी केला आणि डमीचं गेट व्हीएसएसलाच राहिलं. आता तो डमी पूर्ण चालू आहे. टोकाला सोर्स असेल तर फार बिघडत नाही, गेटची कपॅसिटन्स तेवढी वाढते. पण टोकाला ड्रेन असेल आणि बाहेरचा टर्मिनल व्हीडीडीला, तर आउटपुट थेट व्हीडीडीला बांधलं गेलं. दुसरा नमुना, डमीचं गेट शेजारच्या कामाच्या गेटलाच जोडणं, कारण पॉली सरळ ओढून घेता येते. सोर्स-ड्रेन एकत्र असले तर करंट वाहत नाही, पण मिररच्या गेटवर विनाकारण कपॅसिटन्स लटकते, आणि सर्किट वेगवान असेल तर फेज मार्जिनमध्ये (सर्किटच्या स्थिरतेच्या मापात) तिची किंमत मोजावी लागते. तिसरा, गेट मोकळं सोडणं. मोकळ्या गेटवर चार्ज साचतो, तो कुठे स्थिरावेल याचा भरवसा नाही, आणि डमी अर्धवट चालू होऊ शकतो. काही प्रोसेसमध्ये गेट थेट पॉवर रेलला जोडायलाही ईएसडीच्या (स्थिर विजेच्या झटक्याच्या) दृष्टीने मनाई असते, तिथे त्या फाउंड्रीच्या मार्गदर्शिकेत दिलेला टाय सेल (गेट रेलला बांधण्यासाठीचा तयार तुकडा) वापरावा.

स्कीमॅटिकमध्ये दाखवायचे की लपवायचे

डिफ्यूजनवरची डमी गेटं ही एलव्हीएसच्या (लेआउट स्कीमॅटिकशी ताडून पाहणाऱ्या तपासणीच्या) दृष्टीने खरेखुरे ट्रान्झिस्टर आहेत. स्कीमॅटिकमध्ये नसतील तर एलव्हीएस ‘जास्तीचे डिव्हाइस’ म्हणून ओरडतं. यावर दोन वाटा आहेत. एक, सर्व टोकं एकत्र जोडलेले ट्रान्झिस्टर दुर्लक्षित करायला टूलला सांगणं. दुसरी, डमी स्कीमॅटिकमध्येच संख्येसह काढणं.

पहिली वाट सोपी आहे, पण धोक्याची. एखाद्या कामाच्या ट्रान्झिस्टरची सगळी टोकं चुकून शॉर्ट झाली तर फिल्टर त्यालाही लेआउटमधून गाळतो, आणि चुकीचा माग लावणं अवघड होतं. टेल नोडवरचा डमी तर त्या फिल्टरमध्ये बसेलच असं नाही, कारण त्याचं गेट वेगळ्या ठिकाणी आहे. स्कीमॅटिकमध्ये काढलेले डमी दिसतात, मोजता येतात, आणि सहा महिन्यांनी ब्लॉक हाती घेणारा दुसरा माणूस त्यांना वाया गेलेली जागा समजून पुसून टाकत नाही. थोडा वेळ जास्त जातो, तो जाऊ द्यावा.

डमी या नावाची आणखी एक गोष्ट लेआउटमध्ये असते आणि नवख्यांची गल्लत होते. वेफर घासून सपाट करताना मेटल आणि पॉलीची घनता सगळीकडे ठरावीक मर्यादेत लागते, म्हणून रिकाम्या जागी छोटे तुकडे आपोआप भरले जातात. हे फिल. त्याला मॅचिंगशी देणं-घेणं नाही, उलट ते मॅचिंग बिघडवू शकतं. टूल अ च्या डोक्यावर मेटलचा तुकडा टाकतं, ब च्या डोक्यावर नाही, आणि गेटवरून गेलेला मेटल थ्रेशोल्डवर परिणाम करतो. जुळवायच्या रांगेवर फिल-ब्लॉकचा थर टाकावा आणि घनतेचा नियम अडत असेल तर स्वतःच्या हाताने सममितीत तुकडे भरावेत.

रेझिस्टर, कपॅसिटर, बायपोलर

पॉली रेझिस्टरमध्ये तत्त्व तेच, ताणाऐवजी रुंदी महत्त्वाची. २ मायक्रॉन रुंदीच्या पट्टीची बाहेरची कड ०.०५ मायक्रॉनने सरकली तर रेझिस्टन्स अडीच टक्के बदलला. दोन्ही बाजूंना एक-एक डमी पट्टी, कामाच्या पट्ट्यांमध्ये जे अंतर आहे तेच अंतर ठेवून. डमी पट्टीची दोन्ही टोकं एकाच शांत नोडला, बहुधा ग्राउंडला, जोडावीत. एकच टोक जोडूनही चालून जातं, दोन्ही मोकळी सोडू नयेत.

कपॅसिटरच्या जाळीत डमी चारही बाजूंनी लागतात, त्यामुळे जाळी लहान असेल तर खर्च डोळ्यात भरतो. १०-बिट बायनरी एडीसीच्या (अॅनालॉगचं डिजिटल करणाऱ्या सर्किटच्या) जाळीत १०२४ एकक कपॅसिटर, ३२ गुणिले ३२. भोवती एक कडं टाकलं की ३४ गुणिले ३४, म्हणजे १३२ जास्तीचे, सुमारे १३ टक्के. ८-बिटला १६ गुणिले १६ वर ६८ जास्तीचे, साडेसव्वीस टक्के. ६-बिटला ८ गुणिले ८ च्या भोवती ३६, म्हणजे ५६ टक्के. लहान जाळीत कडं अरुंद डमींचं करण्याचा विचार तिथेच सुरू होतो. या जाळीत आणखी एक सापळा आहे. सर्वांत लहान बिटाच्या जोडीला एक अखेरचा एकक कपॅसिटर असतो, ज्याने बेरीज बरोबर १०२४ होते. बरेच जण त्यालाही डमी म्हणतात. तो कड्यातला डमी नव्हे, चार्जच्या वाटणीत त्याचा हिस्सा आहे. त्याची जागा आतच, आणि कड्यातल्या डमींसारखी त्याची दोन्ही पानं ग्राउंडला बांधली तर गुणोत्तरं चुकतात.

बँडगॅप रेफरन्समधल्या (तापमानाने जवळजवळ न बदलणारं व्होल्टेज देणाऱ्या सर्किटमधल्या) १:८ बायपोलरांची मांडणी सगळ्यांना माहीत असते: तीन गुणिले तीन, मध्ये एक, भोवती आठ. याच्याभोवती डमींचं कडं टाकलं तर पाच गुणिले पाच, म्हणजे ९ कामाच्या ट्रान्झिस्टरांसाठी १६ डमी. एवढी जागा खर्चावी का? हिशेब असा. खोलीच्या तापमानाला ८ च्या गुणोत्तराने मिळणारा बेस-एमिटर व्होल्टेजमधला फरक सुमारे ५४ मिलिव्होल्ट. गुणोत्तरात १ टक्का चूक झाली तर त्यात सुमारे ०.२६ मिलिव्होल्टची चूक, आणि सर्किट ती साधारण ११ पट वाढवतं, म्हणजे १.२ व्होल्टच्या आउटपुटवर ३ मिलिव्होल्टच्या आत-बाहेर. आता त्याच सर्किटच्या ऑप-अ‍ॅम्पमध्ये १ मिलिव्होल्टचा ऑफसेट आला तर तोही ११ पट होतो, आउटपुटवर ११ मिलिव्होल्ट. म्हणून जागा मोजकी असेल तर आधी ऑप-अ‍ॅम्पच्या इनपुट पेअरला आणि तिच्या लोडला व्यवस्थित डमी द्यावेत, मग बायपोलरांकडे वळावं. पुष्कळ लेआउटमध्ये हे उलटं झालेलं असतं, कारण बायपोलरांचा चौकोन देखणा दिसतो आणि त्याभोवती कडं टाकणं सोपं असतं.

डमीच्या आवाक्याबाहेरचंही थोडक्यात. पॉवर ट्रान्झिस्टर शेजारी तापत असेल तर गुंफण आणि अंतर हेच उपाय. वायरिंग असमान असेल, अ चा सोर्स रेलजवळ आणि ब चा लांब, तर डमींचा उपयोग नाही. गेटांची दिशा फिरवली, एक उभं आणि एक आडवं, तर आयन तिरके सोडल्यामुळे पडणारी गेटची सावली वेगवेगळी पडते, तिथेही डमी हतबल. आणि वेलच्या कडेबाबत: डावी-उजवीकडचे डमी वेलची डावी-उजवी कड लांब नेतात, वरची-खालची नाही. एका रांगेत सगळ्या फिंगरांना वरून-खालून सारखंच अंतर असल्यामुळे मॅचिंग बिघडत नाही, पण सगळ्यांचंच थ्रेशोल्ड सरकतं. वेल वर-खाली एक-दोन मायक्रॉन मोठी काढणं डमीपेक्षा स्वस्त पडतं.

घरच्या लॅपटॉपवर पडताळणी

हे सगळं तपासायला बंगळूरच्या कंपनीचं महागडं लायसन्स लागत नाही. स्कायवॉटर फाउंड्रीचा १३० नॅनोमीटरचा खुला पीडीके (फाउंड्रीच्या नियमांचा आणि मॉडेलांचा संच) २०२० पासून उपलब्ध आहे. त्याच्याबरोबर स्कीमॅटिकला एक्सस्कीम, सिम्युलेशनला एनजीस्पाइस, लेआउटला मॅजिक किंवा केलेआउट, आणि एलव्हीएसला नेटजेन, सगळं फुकट आणि साध्या लिनक्सवर चालणारं.

१:४ चा एनमॉस मिरर घ्या, गेटलांबी १ मायक्रॉन, रुंदी ५. दहाही फिंगर वेगवेगळे डिव्हाइस म्हणून नेटलिस्टमध्ये लिहा, म्हणजे प्रत्येकाचा एसए-एसबी स्वतंत्र देता येईल. आणि इथे एक खुबी ध्यानात ठेवा: बीसिम-४ मध्ये एसए आणि एसबी दिलेच नाहीत किंवा शून्य ठेवले, तर ताणाचा परिणाम मोजलाच जात नाही. लेआउटआधीच्या सिम्युलेशनमध्ये डमीशिवायचा मिरर चोख दिसतो तो यामुळे. आधी शून्य ठेवून गुणोत्तर पाहा. मग डमी नाहीत असं धरून टोकाच्या फिंगरला एका बाजूने ०.५, पुढच्याला २.०, त्यापुढच्याला ३.५, अशी अंतरं दोन्ही बाजूंनी भरा आणि पुन्हा चालवा. शेवटी दोन्ही बाजूंना दोन-दोन डमी धरून प्रत्येक अंतरात ३ मायक्रॉन मिळवा. तिन्ही वेळा आउटपुटचा ड्रेन इनपुटच्या ड्रेनइतक्याच व्होल्टेजला ठेवा, नाहीतर चॅनेल-लेंग्थ मॉड्युलेशनचा (ड्रेनच्या व्होल्टेजमुळे करंट बदलण्याचा) फरक मध्ये शिरेल आणि डमीचा फरक त्यात हरवून जाईल. जो बदल दिसेल तो फक्त ताणाचा. एचिंगचा काठ या मॉडेलमध्ये नसतो, तो पाहायचा असेल तर टोकाच्या दोन फिंगरांची लांबी हाताने १० नॅनोमीटरने बदलून चौथी फेरी चालवा.